डिस्क कपाटात, रस्ता कंपनीकडे

माझे थोरले भाऊ, अण्णा, दुसऱ्यांदा बोलायला शिकले ते एका व्हिडिओ गेमवर. हे सांगितलं की लोक आधी हसतात. हसू देत. मी उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत स्टोअर सांभाळते. आलेला माल तपासून घ्यायचा, मांडणीवर जागेला लावायचा, मागेल त्याला सही घेऊन द्यायचा, हे माझं काम. घडलं तसं क्रमाने लिहायची मला सवय आहे, तसंच लिहिते.

अण्णा ट्रक चालवायचे. कबनूरहून कापडाचे तागे, हंगामात कोल्हापूरचा गूळ, असं भरून बेंगळुरूला जायचं आणि तिकडून मिळेल तो माल घेऊन यायचं. लग्न केलं नाही. कुणी विषय काढला की म्हणायचे, "गाडीसंगं लागलंय की." मग एका सकाळी त्यांच्या हातातली कपबशी खाली पडली आणि उजवी बाजू गेली. पाय हळूहळू आला, हात थोडा आला. वाचा आली नाही. दवाखान्यातून मी त्यांना माझ्या घरी आणलं तेव्हा त्यांच्याजवळ एकच शब्द शिल्लक होता, "न्हाय". पाणी नको असलं तरी न्हाय आणि हवं असलं तरी न्हाय. आपण चुकीचं बोललो हे त्यांना कळायचं. मग ते भिंतीकडे तोंड करून बसायचे.

वाचा-उपचार करणाऱ्या मॅडम आठवड्यातून एकदा येत. त्यांच्याजवळ चित्रांचे पत्ते होते. मांजर, छत्री, केळं. आयुष्यभर हायवेवर राहिलेल्या माणसापुढे त्या मांजर धरायच्या आणि अण्णा खिडकीकडे बघायचे. महिने गेले. मी तक्ता करून भिंतीला लावला होता: सकाळी हाताचा व्यायाम, मग पत्ते, दुपारी फुंकर मारायचा व्यायाम. तक्त्यावर खुणा होत होत्या. माणूस होता तिथंच होता.

दिवाळीला माझी लेक पुण्याहून आली ती एक खोकं घेऊन. आत खेळायचं मशीन, टेबलाला अडकवायचं स्टिअरिंग आणि पायाखाली ठेवायचे पेडल. तिने ट्रक चालवायचा गेम शोधला होता. ती तो नेटवरून परस्पर मशीनवर उतरवून घेणार होती. मी म्हटलं, तसलं हवेतलं काही नको, वस्तू हातात पाहिजे. राजारामपुरीतल्या दुकानातून डिस्क आणवली, बिल प्लास्टिकच्या पाकिटात घातलं आणि दोन्ही लोखंडी कपाटात, घराच्या कागदपत्रांशेजारी ठेवली. खेळून झालं की डिस्क पुन्हा तिथंच जायची. पहिल्यांदा चालू करताना पडद्यावर इंग्रजीत लांबलचक मजकूर आला. खाली 'मान्य' असं बटण होतं. ते मीच दाबलं. न दाबता पुढे जाताच येत नव्हतं.

गेममधला मुलुख युरोपातला कुठलासा होता. हिरवी कुरणं, लाल कौलं, स्वच्छ रस्ते. अण्णा काही दिवस गप्प बसून चालवत राहिले. उजवा हात स्टिअरिंगवर नुसता ठेवलेला, सगळी ओढाताण डाव्याची. एका सकाळी मी कणीक मळत होते आणि बाहेरच्या खोलीतून आवाज आला.

"निपाणी."

मी तशीच हात भरलेले घेऊन आले. "काय म्हणालात?"

"निपाणी," अण्णा त्रासून म्हणाले, मीच बहिरी असल्यासारखं. पडद्यावर एक वळण होतं, उजव्या हाताला पिवळं चर्च, पुढे चार दुकानं.

त्यानंतर त्या सगळ्या परक्या मुलुखाला त्यांनी आपली नावं लावून घेतली. पेट्रोल पंपाजवळचा चौक म्हणजे कागल. टोलची कमान म्हणजे कोगनोळी. चर्च म्हणजे निपाणी, मागचा चढ म्हणजे तवंदी घाट, दगडी पूल म्हणजे संकेश्वर. असं का, ते मला माहीत नाही. चर्चचं आणि निपाणीचं काहीएक साम्य नाही. कदाचित वळणाचा कोन तसा असेल, कदाचित चढ लागायच्या आधी गिअर बदलायची जागा. पण एकदा नाव लागलं की ते बदललं नाही. आणि प्रत्येक नावाला शब्द चिकटून आले. कागलला "चहा". कोगनोळीला "सुट्टं हायत का बघ". घाटाला "दुसरा टाक". समोर हळू चाललेल्या पांढऱ्या गाडीला, "सरकून घ्या की पावणं, बाजाराला आलाय व्हय?" एकदा एका लाल गाडीने त्यांना घासलं तर म्हणाले, "डोळं हायत का बटणं?" मी स्वयंपाकघरात ओट्याला धरून हसले, आणि मग रडले.

शब्द तिथून घरात यायला लागले. कागलचा चहा आधी फक्त कागलला मिळायचा. मग एका दुपारी ताटावरून उठताना ते मला म्हणाले, "आक्का, च्या." मी धाकटी असूनही ते मला आक्काच म्हणायचे. आजारपणानंतर ती हाक पहिल्यांदा ऐकली.

मॅडमनी पत्ते पिशवीत घातले. म्हणाल्या, "शब्द गेलेले नसतात, ताई. आत असतात, त्यांच्यापर्यंत जायची वाट बंद होते. यांना ही वाट सापडलीय. रोज होऊ द्या, खंड पाडू नका." मी जुना तक्ता काढून नवा लावला. आंघोळीनंतर एक खेप, दुपारच्या चहानंतर दुसरी. खंडेनवमीला घरातली हत्यारं पाटावर मांडली तेव्हा अण्णांनी त्यांच्या जुन्या पान्यांच्या पेटीशेजारी स्टिअरिंग ठेवायला लावलं. झेंडूची माळ मी त्यालाच घातली.

मग पंचगंगेला पाणी वाढलं. आमचं घर उंचावर आहे, पाणी आलं नाही, वीजही होती. फक्त नेट गेलं. अण्णा सकाळी बसले आणि पडद्यावर ओळ आली की सर्व्हरशी संपर्क होत नाही. मी बंद करून चालू केलं. डिस्क काढून पुसून घातली. तीच ओळ. लेकीला फोन लावला.

"आई, तो गेम नेटशिवाय सुरूच होत नाही."

"अगं, एकटा माणूस खेळतोय. दुसऱ्या कुणाशी शर्यत लावलीय का त्याने? डिस्क आत आहे, मशीन आपलं, वीज आहे."

"कळतंय मला. पण रस्ते, गाड्या, त्यांनी कुठवर मजल मारलीय ते सगळं तिकडच्या कॉम्प्युटरवर असतं."

"कशाला?"

"कंपनीला तसं सोयीचं पडतं म्हणून."

पाणी उतरून नेट येईपर्यंत अण्णांचा चहा पुन्हा "न्हाय" झाला होता. तो परत यायला बरेच दिवस लागले. मी धडा घेतला, म्हणजे मला तसं वाटलं. दुसऱ्या कंपनीचं जादा कनेक्शन घेतलं, राउटरला बॅटरी लावली, मोबाइलवरून नेट कसं जोडायचं ते शिकून घेतलं. स्टोअरमध्ये आम्ही असंच करतो. बंद पडून चालणार नाही अशा वस्तूचा एक जोड मांडणीवर ठेवतो. माझ्या टोकाला मी सगळा बंदोबस्त केला. पलीकडच्या टोकाला कुणी बटण बंद करू शकतं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

लेकीचा फोन मी स्टोअरमध्ये असताना आला. तिचा आवाज ऐकूनच मी दार लावून घेतलं. कंपनीने कळवलं होतं की गेमला आता पुरेसे खेळणारे उरलेले नाहीत, म्हणून त्याचे सर्व्हर कायमचे बंद करणार.

"म्हणजे नवीन काही देणार नाहीत, एवढंच ना?"

"नाही आई. तो सुरूच होणार नाही."

"आपल्याकडचासुद्धा?"

"आपल्याकडे काही नाहीच आहे," ती म्हणाली.

स्टोअरमध्ये दोन प्रकारच्या चिठ्ठ्यांवर माल ये-जा करतो. एक कायमचा, एक परत जाणारा. परत जाणाऱ्या मालाला लाल खूण असते, म्हणजे तो आपला समजून कुणी वापरात काढू नये. इतकी वर्षं मी हेच करत आले आणि माझ्या घरात परत जाणारी वस्तू बिनखुणेची आली.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि डिस्क, बिल घेऊन राजारामपुरीत गेले. दुकानदार तिशीतला, बोलायला मोकळा. त्याने डिस्क उलटसुलट केली.

"काकू, ही नुसती किल्ली हाय."

"मग घर?"

"घर कंपनीचं. तुमास्नी ऱ्हायला दिलतं."

"भाड्याने देतोय असं तुम्ही सांगितलं होतं का?"

"लिवलंय की." त्याने डब्याच्या मागची मुंगीएवढी ओळ दाखवली. नेट आवश्यक, सेवा कधीही बंद होऊ शकते.

"एवढं बारीक कोण वाचणार?"

"कोनच वाचत न्हाय. म्हणून तर बारीक लिवत्यात." मग माझा चेहरा बघून तो जरा खाली आला. "दुसरा देतो की ट्रकचा. ह्याच्यापरास भारी. नेटबी लागत न्हाय."

तो घेतला. अण्णांनी एकदाच चालवला. पहिल्या गावात शिरले, ब्रेक लावला, डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं. "कुटं?" त्यांनी मला विचारलं.

"कागल असेल," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी नजर खाली घातली. मग त्यांनी स्टिअरिंगवरून हात काढून घेतले.

कंपनीला पत्र लिहिलं. इंग्रजी लेकीने नीट करून दिलं. आजाराचं लिहिलं, मॅडमचं शिफारसपत्र जोडलं, बिलाचा फोटो जोडला. गेम विनानेट चालेल असं काही करून द्या, पैसे परत नकोत, असं स्पष्ट लिहिलं. उत्तर लगेच आलं, कारण ते माणसाने लिहिलेलं नव्हतं. आमच्या प्रवासात साथ दिल्याबद्दल आभार, आमचे इतर गेम पाहा. मी पुन्हा लिहिलं. पुन्हा तेच आभार. फोन नंबर शोधला; नव्हताच. ग्राहक न्यायालयात काम करणाऱ्या एका वकिलांकडे गेले. त्यांनी शांतपणे ऐकलं. "दावा लावू की ताई. भरपाई मागू. पण सर्व्हर चालू ठेवा म्हणून परदेशातल्या कंपनीला कोण सांगणार? आणि निकाल लागेस्तोवर तुमच्या भावाला थांबता येतंय का?"

थांबता येत नव्हतं. माझ्याजवळ काही आठवडे होते. तेव्हा मी एक योजना केली, आणि तिचा मला अभिमानही वाटला. रस्ता जाणार असेल तर त्याचा जोड करून ठेवायचा. मी स्टँड आणला, मोबाइल पडद्यासमोर लावला आणि अण्णांच्या सगळ्या खेपा चित्रित केल्या. कोल्हापूर ते कागल. कागल ते निपाणी. घाट चढताना, घाट उतरताना. प्रत्येक फाइलला नाव दिलं, दोन ठिकाणी साठवलं, एक प्रत लेकीकडे पाठवली. अण्णा एकदा मागे वळून मोबाइलकडे बघून म्हणाले, "शिनेमा काढतीस व्हय गं?" मी म्हटलं, "व्हय." कंपनी काय करणार आहे ते मी त्यांना सांगितलं नव्हतं. दोनदा प्रयत्न केला. दोन्ही वेळा ते ऐन घाटात होते.

गेम बंद झाला तेव्हा ते संकेश्वरच्या पुलावर होते. चित्र थिजलं, मग काळं झालं, मग पांढरी ओळ आली. अण्णांनी हॉर्न दाबला. मग मला म्हणाले, "उतर खाली. बघ काय झालंय." क्लिनरला सांगायचं तसं. मी खरंच उठले आणि मशीनच्या मागे जाऊन तारा हलवल्या. काय करणार होते मी? परत आले तर ते माझ्या तोंडाकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी आंघोळीनंतर मी चित्रण लावलं. पडद्यावर तोच पेट्रोल पंपाचा चौक आला आणि अण्णांचा चेहरा उजळला. "कागल," ते म्हणाले. माझ्या जिवात जीव आला. मग चौकातून पुढे निघताना त्यांनी स्टिअरिंग डावीकडे घेतलं आणि चित्र उजवीकडे गेलं, कारण चित्रणाच्या दिवशी ते उजवीकडे गेले होते. त्यांनी पुन्हा वळवलं. रस्ता आपला आपण सरळ चालत राहिला. त्यांनी ब्रेक दाबला, दोन्ही पायांनी दाबला. ट्रक थांबला नाही. माझे भाऊ हयातभर कधी घाबरलेले मी पाहिले नव्हते. ब्रेक निकामी झालेल्या गाडीत बसलेल्या माणसासारखे ते ओरडायला लागले, आणि त्या भीतीत तोंडातून एकच शब्द निघत होता, न्हाय. मी वायर उपटून काढली.

त्यानंतर शब्द गेले ते आले त्याच्या उलट क्रमाने. आधी शिव्या, मग घाट, मग टोल. शेवटी चहा गेला. एका सकाळी मी कप पुढे केला आणि म्हटलं, "काय आहे हे, अण्णा?" ते कपाकडे बघून म्हणाले, "न्हाय." आक्का तर त्याआधीच गेली होती; कधी गेली ते मला नेमकं सांगता येणार नाही, आणि मी असल्या गोष्टी लिहून ठेवणारी बाई आहे. मॅडमनी पुन्हा पत्ते आणले.

त्या सुमाराला अण्णांचा जुना क्लिनर भेटायला आला. कबनूरचा, आता पन्नाशीचा, स्वतःची गाडी भाड्याने चालवतो. दारातूनच म्हणाला, "उस्ताद, वळखलासा का?" अण्णांनी त्याचा हात धरला. मी त्याला सगळं सांगितलं. त्याला गेमचं फारसं कळलं नाही, पण गावांची नावं ऐकून तो सरसावून बसला.

"आक्का, खरा रस्ता हाय की. त्याला काय सर्व्हर लागत न्हाय. उद्या उस्तादास्नी घालतो गाडीत आन् निपाणीपतूर फिरवून आणतो."

मला इतके दिवस हे सुचलं नव्हतं. त्या रात्री मला नीट झोप लागली. सकाळी औषधं, पाण्याची बाटली, जादा कपडे, अण्णांना आवडायचे ते तिखट शेंगदाणे, सगळं घेतलं. अण्णांना पुढे बसवलं. मी मागे.

हायवेवर रुंदीकरणाचं काम चालू होतं. उचगावपासून कुठे खालून, कुठे वरून, कुठे मातीच्या वाटेने गाड्या वळवलेल्या. अण्णा समोर रोखून बघत होते. क्लिनर सारखा बोलत होता. "उस्ताद, इथं आपला पट्टा तुटलेला, ध्यानात हाय का? इथं तुमी मला कानफटात दिलती. बरोबरच दिलती म्हणा." कागल पुलाखालून कधी गेलं ते कळलंच नाही. "कागल गेलं की उस्ताद, च्या घ्यायचा व्हता." कोगनोळीला टोलची रांग लागली. मी मागून वाट बघत होते, सुट्टं मागतील म्हणून. त्यांनी मागितलं नाही.

मग निपाणी आली. क्लिनरने गाडी कडेला घेतली, काच खाली केली.

"उस्ताद, निपाणी."

अण्णांनी बाहेर पाहिलं. पाटी होती, दुकानं होती, तंबाखूचा उग्र वास होता. पोरवयापासून त्यांनी इथे किती मुक्काम केले असतील. त्यांनी सगळं नीट पाहिलं आणि मान हलवली.

"न्हाय."

"असं काय करतासा? निपाणीच की ही. बोर्ड बघा."

"न्हाय," अण्णा म्हणाले. हे आजारपणातलं, कशालाही निघणारं न्हाय नव्हतं. त्यांनी बघून, विचार करून सांगितलं होतं. मग डावा हात उचलून काचेतून समोर दाखवला. "फुडं."

इतक्या आठवड्यांत 'न्हाय'खेरीज निघालेला तो पहिला शब्द. मी क्लिनरच्या खांद्याला हात लावला. "घ्या गाडी पुढे."

तवंदी घाट चढलो. अण्णा पुढे वाकून प्रत्येक वळणाआधी उजवीकडे मान लांब करत होते. वळण यायचं, जायचं. झाडं, ढाबा, उसाचे ट्रॅक्टर. ते मागे टेकत नव्हते. घाट उतरलो. क्लिनरने एकदा गाडी हळू केली तर त्यांनी डॅशबोर्डवर थाप मारली. "फुडं." उजव्या हाताने मारली.

मॅडम सांगायच्या, शब्द निघाला की थांबवू नका, बोलू द्या. मी बोलू देत होते. ते कशाकडे निघाले होते ते मला माहीत होतं, वळणावर उजव्या हाताचं ते पिवळं चर्च, आणि ते आता जगात कुठेच नव्हतं हेही माहीत होतं. सांगायला लागलं तर कुठल्या शब्दांत सांगायचं, आणि सांगितल्यावर त्यांच्याजवळ तोही शब्द राहील का? संकेश्वर मागे पडलं. अण्णांच्या दुपारच्या गोळ्यांची वेळ होऊन गेली होती. पिशवी माझ्या मांडीवर होती.

क्लिनरने आरशातून माझ्याकडे बघितलं.

"आक्का," त्याने हळूच विचारलं, "कुठवर जायाचं?"

मी आयुष्यभर मालाची गाडी कुठे जाणार आणि कधी परतणार हे विचारल्याशिवाय फौंड्रीच्या फाटकाबाहेर सोडलेली नाही. पुढे एक लांब वळण दिसत होतं. अण्णांनी मान उजवीकडे केली.

"एवढं वळण बघू," मी म्हटलं.